गुरुजींच्या ढाळजेत गाव का बसायचं

औसा तालुक्यातल्या आमच्या गावचे निवृत्त गुरुजी गेले. तेराव्याला कॉलेजातल्या एका पोरानं विचारलं, "पगार शाळेचा होता, मग गावची कामं ह्यांच्याकडं कशी?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर गुरुजींच्या जन्माआधीपासून सुरू होतं.

आमचा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिथं कारभार उर्दूत चाले. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिकवणं उर्दूतूनच. खेड्यात मराठी शाळा विरळा. ज्या थोड्या राष्ट्रीय शाळा उभ्या राहिल्या, त्या लोकांच्या जिवावर. धाराशिवकडच्या हिप्परग्याची शाळा त्यातलीच. तिथं व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक होते. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला, स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि पुढं अख्ख्या हैदराबाद संस्थानाच्या मुक्तिलढ्याचं नेतृत्व केलं. त्यामुळं मास्तर फक्त पाढे शिकवतो, असं इकडं कुणाला कधी वाटलंच नाही.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान गेलं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि त्याच वर्षी आमचे गुरुजी नोकरीला लागले. गावात लिहिता-वाचता येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. पुण्या-मुंबईला गेलेल्या पोराचं पोस्टकार्ड आलं की आई ते पदराखाली धरून गुरुजींच्या ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, यायची. गुरुजी एकदा मोठ्यानं वाचायचे, मग तिच्या सांगण्यावरून पुन्हा एकदा, हळू. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायकांना मस्टरवर आपले दिवस बरोबर मांडलेत का, हे पाहून द्यायला तेच होते. ह्या कामाचा कुठं हुकूम नव्हता, भत्ता तर नव्हताच.

मला मात्र त्यांचं १९९३ सालचं काम जास्त आठवतं. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती बुडवून लोक झोपलेले असताना, किल्लारी हादरली. दगड-मातीच्या भिंती, वर हातभर मातीचं माळवद. तेच अंगावर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली. आमच्या गावाला तडे गेले, माणसं वाचली. गुरुजी दुसऱ्या दिवशी ट्रकमधून तिकडं गेले. ढिगाऱ्यातून शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर निघालं होतं, मातीनं माखलेलं, पानं चिकटलेली. ते मांडीवर घेऊन त्यांनी एकेक नाव वाचायला सुरुवात केली. पोरगं जिवंत असेल तर कुणीतरी "हाय" म्हणायचं. नाहीतर गुरुजी थोडं थांबून पुढचं नाव घ्यायचे.

त्या महिन्यात घरी कोण होतं, हे सहसा कुणी विचारत नाही. काकू होत्या. सासूचं आजारपण, तीन लेकरं आणि तिकडं पाठवायच्या भाकरी, सगळं त्यांच्यावर. गुरुजींच्या समाजसेवेतला निम्मा वाटा काकूंचा, असं माझं स्पष्ट मत आहे. सत्काराची शाल मात्र दरवेळी एकच आली.

गंमत अशी की अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी असतो, १ जूनला. पोराला शाळेत घालताना बाप तारीख सांगायचा "पोळ्याच्या मागंपुढं", मग गुरुजी वय अंदाजून १ जून लिहून टाकायचे. तेव्हा सगळीकडं तीच रीत होती. २०२३ साली कुणबी नोंदी हुडकायला शाळांची जुनी रजिस्टरं उघडली, तेव्हा आमच्या गावची पोरं स्वतःचीही पानं बघून आली. सगळीकडं तेच वळणदार अक्षर, तीच तारीख.

गुरुजींची स्वतःची तारीखही १ जूनच, १९४२. त्यांच्या मास्तरांनी लिहिलेली. त्या हिशोबानं २००० साली ३१ मे ला ते निवृत्त झाले. खरी तारीख त्यांनी आईला विचारली होती म्हणे. ती म्हणाली, "रझाकाराच्या आधी, ज्वारी काढणीला आली होती तवा."