वीस हजार एमएएचच्या पॉवर बँकेत ड्रोनची किती चार्जिंगं?

लग्नसराईत यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यांत आता वरातीवरून ड्रोन फिरला नाही, तर मंडळींना चुकल्यासारखं होतं. आणि नेमकी वरात निघायच्या वेळी लाइन जाते. शूटिंगवाला मात्र निर्धास्त असतो. ‘‘वीस हजाराची पॉवर बँक आहे ना भाऊ, आठ डाव त आरामात चार्ज होते!’’

हा आकडा त्यानं मनानं ठोकलेला नसतो. पॉवर बँकेवर २०,००० एमएएच लिहिलेलं असतं आणि डीजेआय मिनी ३ या छोट्या ड्रोनच्या साध्या बॅटरीवर २,४५३. भागाकार केला की आठ येतात. प्रत्यक्षात मात्र तिसऱ्या बॅटरीनंतर पॉवर बँक मान टाकते.

एमएएच म्हणजे मिलीअँपिअर-तास. बॅटरीतून किती विद्युतभार बाहेर पडू शकतो, एवढंच हा आकडा सांगतो. तो भार किती दाबानं, म्हणजे किती व्होल्टला बाहेर येतो, हे त्यात कुठेच नाही. ‘यंदा वीस क्विंटल कापूस झाला’ एवढ्यावर घरात पैसा किती आला ते कळत नाही. भाव विचारावाच लागतो. व्होल्ट हा इथला भाव. अँपिअर-तासांना व्होल्टनं गुणलं की येतात वॉट-तास, म्हणजे खरी ऊर्जा. महावितरणच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे असे १,००० वॉट-तास.

पॉवर बँकेवरचे २०,००० एमएएच हे आतल्या लिथियम सेलच्या ३.७ व्होल्टला मोजलेले असतात. म्हणजे २० गुणिले ३.७, एकूण ७४ वॉट-तास. ड्रोनच्या बॅटरीत दोन सेल एकामागे एक जोडलेले असतात, म्हणून तिचा दाब ७.३८ व्होल्ट. जास्त व्होल्टला तेवढीच शक्ती कमी प्रवाहात मिळते, तारा बारीक चालतात आणि त्या कमी तापतात. उडणाऱ्या यंत्राला हे सोयीचंच. ड्रोनच्या या बॅटरीची ऊर्जा भरते १८.१ वॉट-तास. ७४ भागिले १८.१ केलं की चार येतात. आठाचे चार झाले ते इथेच, नुसत्या व्होल्टमुळे.

पण हे ७४ सगळे हाती लागत नाहीत. ३.७ व्होल्टचे ५ किंवा ९ व्होल्ट करणारं सर्किट स्वतः तापतं आणि ती उष्णता याच साठ्यातून जाते. पॉवर बँकेच्या मागे, भिंग घेऊन वाचावं अशा अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’, म्हणजे प्रत्यक्ष बाहेर मिळणारी क्षमता, छापलेली असते. समजा तिथे ५ व्होल्टला १२,००० एमएएच असं लिहिलंय. त्याचे झाले ६० वॉट-तास. खरं म्हणजे दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत हाच आकडा हवा, पण वीस हजार दिसायला भारदस्त दिसतात! पुढे ड्रोनची बॅटरी भरतानाही थोडी ऊर्जा वाया जाते. ती दहा टक्के धरली तर उरले ५४. त्यांना १८.१ नं भागा: तीन.

आता थोडी चांगली बातमी. बॅटरी शून्यावर येईपर्यंत शहाणा माणूस ड्रोन हवेत ठेवत नाही. पाव बॅटरी उरली की खाली उतरवतो. मग भरायचे असतात फक्त साडेतेरा-चौदा वॉट-तास, आणि ५४ मध्ये ते जवळपास चार वेळा बसतात.

संख्येइतकाच वेळही बघावा. जुन्या पॉवर बँका ५ व्होल्ट, २ अँपिअर, म्हणजे १० वॉट देतात. एवढ्यावर एक बॅटरी भरायला दोन तास जातात, तोवर पंगतीही उठतात. ३० वॉटची पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे जलद चार्जिंगची) पॉवर बँक साधारण तासाभरात काम करते. त्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि या बॅटरीला चार्जिंगसाठी ४० अंशांपर्यंतचंच तापमान चालतं. नुकतीच उतरलेली गरम बॅटरी लगेच लावली तर ती चार्ज घ्यायला नकार देते. मांडवाच्या सावलीत ती आधी निवू द्यावी, आणि पॉवर बँकही उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नये.

एमएएचचा खरा घोळ दिसतो तो फवारणीच्या ड्रोनमध्ये. २०२३ मध्ये केंद्राची ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर झाली आणि बचत गटांसाठी ८० टक्के, कमाल आठ लाखांपर्यंत अनुदान ठरलं. तेव्हापासून कपाशी-तुरीच्या शेतांत या ड्रोनची चर्चा वाढली. दहा लिटरच्या ड्रोनला लागणाऱ्या एका बॅटरीवर अनेकदा १६,००० एमएएच असतात. आकडा पॉवर बँकेपेक्षा लहान! पण दाब २२.२ व्होल्ट, म्हणजे ३५५ वॉट-तास. अशा बऱ्याच ड्रोनांत दोन बॅटऱ्या लागतात, एकूण ७१०. आपली ‘वीस हजारी’ त्यातला दहावा हिस्साही भरणार नाही, आणि तिचा दाबही तिथे पुरत नाही.

एका भरारीत साधारण एकरभर फवारणी होते. दर खेपेला पाऊण साठा खर्च होतो असं धरलं, तर दहा एकरांना सव्वापाच युनिट, चार्जिंगची घट धरून सहाच्या आसपास. शेतातली थ्री-फेज लाइन चोवीस तास नसते. म्हणून फवारणीवाल्यांच्या गाडीत ड्रोनशेजारी पेट्रोलचा जनरेटर असतो, आणि एकराचा दर ठरवताना त्या पेट्रोलचे पैसेही धरावे लागतात.