कावीळ पाण्यामुळेच होते असं नाही, अँटिबायोटिकनंही होते

कोकणात पावसाळ्यात कुणाचे डोळे पिवळे झाले की संशय आधी विहिरीच्या पाण्यावर जातो, मग लेप्टोवर (उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार), आणि ते चूक नाहीच, लावणीच्या चिखलात दिवसभर उभं राहणाऱ्याला लेप्टोचा धोका असतोच. पण महिन्याभरापूर्वी दाढेसाठी नाहीतर खोकल्यासाठी कुठल्या गोळ्या घेतल्या होत्या, हे घरात कोणी काढतच नाही.

खुद्द डॉक्टरांनाही हे कळायला खूप वर्षं लागली. टीबीवरचं आयसोनियाझिड १९५२ पासून वापरात होतं, सुरक्षितच समजलं जायचं. १९७० मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटल हिलवर (अमेरिकेच्या संसदेचा परिसर) टीबीचे पेशंट सापडले म्हणून तिथल्या २३२१ जणांना ते प्रतिबंधक म्हणून दिलं, त्यातल्या १९ जणांच्या लिव्हरला त्रास झाला आणि २ जण गेले. एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या इस्टोलेट प्रकारानं पित्त तुंबून कावीळ होते हेही १९६० च्या दशकात दिसलं होतं.

आता घरोघरी माहीत असलेलं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह ब्रिटनमध्ये १९८१ ला आलं, आणि त्याच्या काविळीच्या केसेस छापून यायला ८० चं दशक संपत आलं. उशीर का, तर ही कावीळ बऱ्याचदा कोर्स संपल्यावर येते, कधी कधी तर सहा आठवड्यांनी! साध्या अमॉक्सिसिलिननं असं फार क्वचित होतं, म्हणून बोट त्यातल्या 'क्लॅव्ह'कडे, म्हणजे जोडीला घातलेल्या क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडकडे जातं. वयस्कर पुरुष आणि लांबलेला कोर्स, इथे धोका जास्त. अंगाला खाज सुटते, लघवी गडद होते, कारण पित्त पुढे सरकत नाही. अगदी थोड्या जणांत लिव्हरमधल्या बारीक पित्तनलिकाच नष्ट होतात, आणि ते फार वाईट. १९९९ मध्ये एक विशिष्ट एचएलए जनुक (प्रतिकारशक्तीशी संबंधित) असलेल्यांना ही कावीळ जास्त होते असं दिसलं, पण ते जनुक असलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही.

भारतात मात्र औषधानं लिव्हर बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण टीबीच्याच गोळ्या आहेत (म्हणून त्या मनानं बंद करू नका, डोळे पिवळे वाटले तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा).

आपल्याकडची एक वेगळी अडचण म्हणजे चाकरमानी मुंबईत कोर्स संपवून गणपतीला गावी येतो आणि पिवळा पडतो इथे, चिठ्ठी राहते तिकडे. मग कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतात, आणि गोळी आधीच बंद झालेली असल्यानं कावीळ बहुतेकदा आपोआप उतरते, त्यामुळे खरं कारण कळतच नाही आणि पुढच्या वेळी तीच गोळी परत दिली जाते, जी तेव्हा जास्त घातक ठरू शकते. यासाठी खास अशी रक्ताची टेस्ट आजही नाही, हिपॅटायटीस, लेप्टो, पित्ताचे खडे असं एकेक बाजूला सारत डॉक्टर तिथे पोचतात, आणि त्यासाठी गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या गोळ्यांची नावं पेशंटकडूनच मिळावी लागतात.