फाइल गुप्त, भाव उघड

शेजारच्या एखाद्या देशात निवडून आलेलं सरकार गडगडलं की ठाण्यात मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर कोणीतरी म्हणतंच, "बाहेरचा हात आहे!" त्यावर दुसरा विचारतो, "पुरावा काय?" प्रश्न रास्त आहे. असे कट बंद दाराआड शिजतात आणि कागद बाहेर येईपर्यंत करणारे आणि भोगणारे दोघेही बहुधा गेलेले असतात. इराणचे पंतप्रधान मोहम्मद मोसाद्दक यांना १९५३ साली पाडलं गेलं. त्यातल्या सहभागाची कबुली देणारा सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा स्वतःचाच दस्तऐवज जगासमोर आला २०१३ मध्ये, तब्बल ६० वर्षांनी.

पण पुरावा फायलीतच असतो असं कोणी सांगितलं? अरिंद्रजित दुबे, ईथन कॅप्लन आणि सुरेश नायडू या अर्थतज्ज्ञांनी तो शेअर बाजारात शोधला. त्यांचा निबंध २०११ साली 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये आला.

त्यांची युक्ती सकाळच्या लोकलमध्ये मोबाइलवर भाव बघत उभ्या असलेल्या कोणालाही कळेल. समजा, ऐरोलीतल्या एका कंपनीचा शेअर आज ५ टक्के चढला. पण आज सगळा बाजारच ४ टक्के वर आहे आणि ही कंपनी एरवीही बाजाराच्या चालीनेच चालते. म्हणजे ४ टक्के बाजाराचे, कंपनीचा स्वतःचा फक्त १. हा उरलेला १ टक्का म्हणजे 'असाधारण परतावा'. कंपनीबद्दल काहीतरी नवं कळल्याशिवाय तो सहसा येत नाही.

आता हेच गणित ग्वाटेमालात लावू. तिथले निवडून आलेले अध्यक्ष हाकोबो आर्बेन्झ यांनी १९५२ साली जमीन सुधारणा कायदा आणला आणि अमेरिकी युनायटेड फ्रूट कंपनीच्या पडीक जमिनी ताब्यात घ्यायला सुरुवात केली. भरपाई ठरवली कंपनीने करासाठी स्वतःच दाखवलेल्या किमतीवरून. एका मोठ्या तुकड्यासाठी ती सुमारे ६ लाख २७ हजार डॉलर निघाली. कंपनीच्या बाजूने अमेरिकी सरकारने मागितले सुमारे १ कोटी ५८ लाख. जमिनीचा कागदावरचा भाव आणि खरा भाव यांतलं अंतर नवी मुंबईकराला काय समजावून सांगायचं! जून १९५४ मध्ये सीआयएने उभ्या केलेल्या बंडापुढे आर्बेन्झ पायउतार झाले. नव्या सरकारने जमिनी कंपनीला परत केल्या.

सत्तापालट झाल्यावर शेअर चढला तर त्यात नवल नाही. संशोधकांनी पाहिलं ते त्याच्या आधीचं. वॉशिंग्टनमध्ये कटाला गुप्त मंजुरी कुठल्या दिवशी मिळाली, या तारखा आता खुल्या झालेल्या कागदांत सापडतात. त्या दिवशी बाहेर कोणाला काही कळायला नको होतं, म्हणजे शेअरही जागचा हलायला नको होता. इराण, ग्वाटेमाला, काँगो, चिली आणि क्युबा असे पाच देश त्यांनी घेतले. हिशेब असा निघाला: जिची तिथली मालमत्ता पूर्णपणे सरकारजमा झाली होती अशा कंपनीला मंजुरीनंतरच्या ४ दिवसांत सरासरी ९ टक्के असाधारण परतावा, १६ दिवसांत १३ टक्क्यांहून अधिक. भाववाढीचा मोठा वाटा प्रत्यक्ष सत्तापालटाचा नव्हताच, या मंजुऱ्यांचा होता. तिकडचा मतदार बेसावध, आणि इकडे कोणीतरी खरेदी उरकून मोकळा.

अपवाद क्युबाचा, आणि मला तोच सगळ्यात बोलका वाटतो. अमेरिकेने आखलेल्या क्युबावरच्या १९६१ च्या बे ऑफ पिग्ज स्वारीची तयारी आधीच वर्तमानपत्रांत छापून आली होती, आखणीही ढिसाळ होती. तिथे मंजुरीचा भावांवर काहीच परिणाम दिसला नाही. ज्या कटाचा आधीच बभ्रा झाला होता आणि जो फसण्याची लक्षणं होती, त्यावर पैसा लावणार कोण?

बातमी फोडली कोणी, हे मात्र आकडे सांगत नाहीत. संशयाला जागा भरपूर आहे. इराण आणि ग्वाटेमालाच्या वेळचे अमेरिकी परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि सीआयएचे प्रमुख ॲलन डलेस हे सख्खे भाऊ. दोघेही आधी सलिव्हन अँड क्रॉमवेल या बड्या वकिली फर्ममध्ये होते, आणि युनायटेड फ्रूट तिचं अशील होतं. पण संशय वेगळा आणि सिद्ध झालेली गोष्ट वेगळी.

हस्तक्षेप दर वेळी बंडाच्याच वाटेने येतो असंही नाही. राज्यशास्त्राचे अभ्यासक डोव्ह लेविन यांनी १९४६ ते २००० या काळातल्या परदेशी निवडणुकांमधले ११७ हस्तक्षेप मोजले: अमेरिकेचे ८१, सोव्हिएत संघ किंवा रशियाचे ३६. मदत मिळालेल्या बाजूची मतं त्यामुळे सरासरी ३ टक्क्यांनी वाढतात, असा त्यांचा अंदाज. अटीतटीच्या लढतीत तेवढी पुरतात.

अशा हस्तक्षेपाला शेअरची पट्टी सहसा लावता येत नाही. त्यासाठी जप्तीची झळ बसलेली आणि बाजारात नोंदलेली कंपनी लागते. पैसा लावणारी खुद्द सरकारी यंत्रणा असेल आणि हवा असलेला मोबदला खाणीऐवजी एखादा लष्करी तळ असेल, तर पाहायला भावच नसतो. तिथे संशोधकालाही फाइल उघडण्याचीच वाट पाहावी लागते.