मखमलीने घासलेली काच

एलसीडी पडद्याच्या कारखान्यात एक टप्पा असा असतो, की पाहणाऱ्याला वाटावं काच पुसताहेत. काचेवर पॉलिइमाइड या पॉलिमरचा अतिशय पातळ थर दिलेला असतो आणि मखमलीचं कापड गुंडाळलेला रूळ त्यावरून एकाच दिशेने फिरतो. हे घासणं बिघडलं, तर चित्रावर डाग आणि रेघा दिसतात.

दोन काचांच्या मधल्या काही मायक्रोमीटर फटीत द्रवस्फटिक भरतात. तो पाण्यासारखा वाहतो, पण त्याचे काडीसारखे रेणू एकाच दिशेला तोंड करून असतात. ती दिशा कोणती, हे मात्र भिंत, म्हणजे काचेचा आतला पृष्ठभाग, ठरवते. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल मोगँ यांनी १९११ मध्येच पाहिलं होतं, की काच कागदाने घासली की रेणू घासण्याच्या दिशेने रांग धरतात.

असं का व्हावं? भौतिकशास्त्रज्ञ ड्वाइट बेरमन यांनी १९७२ मध्ये दिलेलं उत्तर मला फार देखणं वाटतं. घासल्याने बारीक चर पडतात. रेणू चरांना आडवे राहिले, तर त्यांच्या रांगेला प्रत्येक उंचवट्यावर वाकावं लागतं आणि वाकण्यासाठी ऊर्जा खर्च होते. चरांच्या लांबीने पडून राहिलं, की वाकणंच नको. याच हिशेबाने, खोली तेवढीच ठेवून दोन चरांमधलं अंतर निम्मं केलं, तर भिंतीची रेणूंवरची पकड आठपट होते! अर्थात पॉलिइमाइडच्या बाबतीत चर हे अर्धंच कारण आहे. घासताना पॉलिमरच्या साखळ्याही ताणल्या जातात आणि रेणू त्यांच्याशी जुळवून घेतात.

कापडाने धूळ उडते, स्थिर वीज साचते आणि दिशा सगळीकडे एकच मिळते. म्हणून आता चर मुद्दाम घडवतात. मऊ पॉलिमरवर ठसा उमटवून, किंवा लेसरने बिंदू-बिंदू घट्ट करत. मग चर वर्तुळाकार काढा, नागमोडी काढा, रेणू त्या वाटेने जातात.

प्रकाशशास्त्राला हेच हवं असतं. ५सीबी नावाच्या द्रवस्फटिकात रेणूंच्या लांबीने कंप पावणाऱ्या प्रकाशाला सुमारे १.७ अपवर्तनांक (प्रकाश किती मंदावतो याचं माप) भेटतो, आडव्याला १.५३. म्हणजे जागोजागी रेणूंची दिशा बदलली, तर सपाट थरही भिंगासारखा प्रकाश वळवू शकतो. वर काही व्होल्टचा विद्युतदाब दिला, की रेणू उभे राहतात आणि भिंगाची ताकद बदलते. दाब काढला, की ते काही मिलिसेकंदांत पुन्हा आडवे होतात, भिंतीने आखून दिलेल्या दिशेलाच.