क्रोसाँ घरी नेल्यावर

"सकाळी नेलेला क्रोसाँ संध्याकाळी चिवट झाला, बटर कमी घातलंत का?" असे फोन दुकानात इतके येतात की भट्टीवरचा माणूस फोनलाच अडकतो. म्हणून हे पत्रक तुमच्या पिशवीत घालतो आहोत. बटर कमी घातलेलं नाही. विचारलं की बहुतेक वेळा उत्तर एकच मिळतं: क्रोसाँ फ्रिजमध्ये ठेवला होता, मग मायक्रोवेव्हमध्ये गरम केला.

आमटी-भाजी फ्रिजमध्ये टिकते, पाव टिकत नाही. पाव नुसता सुकून शिळा होत नाही. भाजताना मैद्यातला स्टार्च पाणी शोषून मऊ होतो आणि गार झाल्यावर हळूहळू पुन्हा घट्ट व्हायला लागतो. फ्रिजच्या 4-5 अंशांना हे सगळ्यात झपाट्याने होतं. त्यामुळे ओट्यावर राहिलेला बगेट (लांबट फ्रेंच पाव) फ्रिजमधल्या बगेटपेक्षा बरा निघतो. फ्रीझरमध्ये मात्र उणे 18 अंशांना ही क्रिया जवळजवळ थांबते. तेव्हा आज खाणार असाल तर बाहेर ठेवा, नाहीतर आजच नीट गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका. मधला मार्ग नाही.

मायक्रोवेव्हमध्ये आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती पापुद्रे ओले करते. गरम असेपर्यंत मऊ लागतं, गार झालं की दातांना दमवतं. ओटीजी (घरगुती छोटा ओव्हन) असेल तर 160-170 अंशांवर पाच-सहा मिनिटं पुरतात; फ्रीझरमधून काढलेल्याला आणखी चार-पाच द्या. एअर फ्रायरमध्ये त्याहून थोडा कमी वेळ. दोन्ही नसेल तर जाड तवा, अगदी मंद आच, वर झाकण, आणि शेवटचं मिनिट झाकण काढून. बगेटला आधी ओला हात फिरवा, मग तापवा.

डब्याचंही सांगून टाकतो. खारी हवाबंद डब्यात कुरकुरीत राहते, म्हणून पुष्कळ जण क्रोसाँही डब्यात भरतात. पण खारीत यीस्ट नसतं आणि ती पार सुकेपर्यंत भाजलेली असते. क्रोसाँच्या पोटात ओल असते. डब्यात कोंडली की ती पापुद्र्यांत शिरते. आम्ही कागदी पिशवी देतो ती याचसाठी, प्लास्टिकचे पैसे वाचवायला नव्हे. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत कुरकुरीतपणा काही तासच टिकतो. तेव्हा गोखले रोडवरची खरेदी उरकून जाताना शेवटी आमच्याकडे या.

क्रीम असलेल्या वस्तूंचं अगदी उलट. एक्लेअर, फळांचे टार्ट आणि मूस घरी पोचताच फ्रिजमध्ये. घोडबंदरला जाणार असाल तर निघताना तसं सांगा, बर्फाची पिशवी घालून देतो. गाडीच्या डिकीत मात्र ठेवू नका.

"पंधरा क्रोसाँ आत्ता काढून द्या" याला आम्ही नाही म्हणतो तेव्हा राग येतो, कळतं आम्हाला. पण आज खाल्लेल्या क्रोसाँचं पीठ काल मळलेलं असतं. रात्रभर थंडीत ठेवायचं, बटरची लादी आत घालून लाटायचं, तीनपदरी घडी तीनदा घालायची, म्हणजे बटरचे 27 थर होतात. प्रत्येक घडीनंतर पुन्हा थंड करायचं. लाटण्याच्या खोलीत वर्षभर एसी चालतो, कारण बटर पाघळलं की थर एकमेकांत मिसळतात आणि क्रोसाँऐवजी साधा गोडसर पाव हाती येतो. आकार दिल्यावर फुगायला आणखी दोन-अडीच तास. किंमत या सगळ्याची आहे. बटरऐवजी मार्जरीन (तेलापासून केलेला स्वस्त पर्याय) वापरून ती उतरवता येते, पण आम्ही वापरत नाही.

संध्याकाळी उरलेल्या क्रोसाँचं काय करतो, हेही विचारतात. दुसऱ्या दिवशी पाकात बुडवून, बदामाचं क्रीम भरून पुन्हा भाजतो. बदाम क्रोसाँ तो हाच, आणि फ्रान्समध्येही तो कालच्याच क्रोसाँचा करतात. ताज्याचा केला तर पाकात लगदा होतो. सकाळी लवकर संपतो, हवा असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा.

अंड्याबद्दल: बगेटमध्ये मैदा, पाणी, मीठ, यीस्ट एवढंच. 1993 च्या फ्रेंच सरकारी नियमानुसार तिथल्या 'परंपरागत' पावात अॅडिटिव्ह चालत नाहीत. आम्हीही घालत नाही. आमच्या क्रोसाँच्या पिठात अंडं नाही, पण रंग यावा म्हणून वरून लावतो. आधी सांगितलंत तर त्याऐवजी दूध लावू, मात्र भट्टी तीच असते. संकष्टीला किंवा श्रावणात कडक पाळणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. एक्लेअर आणि मॅकरॉन अंड्याशिवाय आम्ही करत नाही, आग्रह करू नये. लेबलवर तपकिरी त्रिकोण दिसला की अंडं आहे असं समजा.

वाढदिवस, ऑफिस किंवा दिवाळीच्या डब्यांसाठी ऑर्डर आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत द्या. बारानंतर आलेली ऑर्डर परवाची धरली जाईल.