राशोल (रायतूर)

गोव्याच्या साष्टी (सालसेत) तालुक्यातील एक लहान गाव व पॅरिश (एका चर्चच्या अखत्यारीतील क्षेत्र). मडगावच्या ईशान्येस सु. ७ किमी., जुवारी नदीच्या दक्षिण तीरावर. किल्ला, चर्च व सेमिनरी (ख्रिस्ती धर्मगुरू घडविणारे विद्यालय) यांमुळे गावाच्या आकारमानाच्या मानाने त्याचे ऐतिहासिक उल्लेख पुष्कळ आढळतात.

कोंकणीत गावाला रायतूर म्हणतात. राशोल हे पोर्तुगीज ‘Rachol’ या लेखनावरून रूढ झालेले रूप दिसते. या लेखनाने इतिहासात एक घोटाळा केला आहे. १६व्या शतकातील पोर्तुगीज बखरकार नूनीझ याने कर्नाटकातील रायचूरसाठीही हेच रूप वापरले. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने १५२० मध्ये आदिलशहाकडून जिंकले ते रायचूर. तथापि त्याने राशोलचा किल्ला जिंकून पोर्तुगीजांना दिला, असे विधान अनेक पुस्तकांतून आढळते. आदिलशहा रायचूरच्या युद्धात गुंतला असता पोर्तुगीजांनी साष्टीचा मुलूख व्यापला, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. हा ताबाही टिकला नाही. साष्टी त्यांच्याकडे कायमची आली ती १५४३ मध्ये. रायचूरचे ‘Rachol’ होऊ शकते, तर रायतूरचेही तसेच झाले असावे; नामसाम्याचा उलगडा यावरून होतो.

किल्ला मूळचा आदिलशाहीतील. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या स्वारीची झळ या भागास लागली. १७३९ मध्ये मराठ्यांनी मडगाव घेऊन राशोलला वेढा घातला. आज जांभ्या दगडातील वेस व खंदकाचे अवशेष तेवढे उरले आहेत.

नोसा सेन्योरा दास नेव्हिस (हिमाची माता) या चर्चची मूळ वास्तू १५६५ च्या सुमाराची मानतात. कुंकळ्ळीत १५८३ मध्ये मारले गेलेल्या रोदोल्फो आक्वाविव्हा प्रभृती जेझुइटांचे (एका कॅथलिक धर्मसंघाच्या सदस्यांचे) दफन प्रथम येथे झाले. किल्ल्याचा कप्तान दियोगु रोद्रिगिश (मृ. १५७७) याची समाधिशिलाही येथे असून, त्याने या प्रदेशातील देवळे पाडली, असे तीवर गौरवाने कोरले आहे. साष्टीतील मंदिरविध्वंसाचा इतका उघड पुरावा विरळा.

मडगावचे जेझुइट कॉलेज १६१० मध्ये राशोलला आले. इमारतीची पायाभरणी १६०६ च्या सर्व संतांच्या सणाला झाली. म्हणून ते आरंभी त्याच नावाचे होते. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लॉयोला १६२२ मध्ये संतपदी चढल्यावर नाव बदलले: येथे छापलेल्या १६४० च्या कोंकणी व्याकरणाच्या मुखपृष्ठावर सांत इग्नासियु हे नाव छापलेले आहे. फादर थॉमस स्टीफन्सच्या ओवीबद्ध मराठी ‘ख्रिस्तपुराणा’ची पहिली आवृत्ती येथेच १६१६ मध्ये रोमन लिपीत निघाली. तिची प्रत अभ्यासकांना मिळालेली नाही. जेझुइटांच्या हकालपट्टीनंतर (१७५९) वास्तू धर्मप्रांताकडे गेली व सेमिनरी म्हणून आजही चालू आहे. तेथे १९९४ मध्ये उघडलेले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय पुढे जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात हलविण्यात आले.