लाल थराखालचा मंगळ

मंगळाचा प्रसिद्ध तांबूस रंग बराचसा वरवरचा आहे. गंजलेल्या लोहाची अतिशय बारीक धूळ ग्रहभर उडत असते आणि खडकांवर बसत राहते. अशा खडकाची वरवर तपासणी केली, तर हाती आलेली माहिती खडकाची की धुळीची, हेच कळत नाही. पृथ्वीवर भूवैज्ञानिक हातोड्याने खडक फोडतो आणि ताजा तुकडा भिंगाखाली धरतो. रोव्हरची, म्हणजे मंगळावर फिरणाऱ्या यंत्रगाडीची, बरीचशी खटपट त्या एका घावाची भरपाई करण्यासाठी चाललेली असते.

सुरुवात लांबूनच होते. २०१२ मध्ये मंगळावरच्या गेल विवरात उतरलेला नासाचा क्युरिऑसिटी रोव्हर सात मीटरपर्यंतच्या खडकावर लेसर मारतो. त्या जागी क्षणभर ठिणगी पडते आणि तिच्या प्रकाशावरून खडकात कोणती मूलद्रव्यं आहेत ते समजतं. पहिल्या काही माऱ्यांत धूळच उडते, खरा खडक त्यानंतर बोलू लागतो. खडक कामाचा वाटला तर रोव्हर जवळ जातो, पण हा निर्णय सहसा पृथ्वीवरची माणसं घेतात. संदेश एका बाजूने पोहोचायलाच ३ ते २२ मिनिटं लागत असल्यामुळे समोर पाहून गाडी हाकण्याचा प्रश्नच येत नाही. कामांची यादी आधीच पाठवून द्यावी लागते.

फेब्रुवारी २०१३ मध्ये क्युरिऑसिटीने पहिल्यांदा खडकात ड्रिल चालवलं. भोक जेमतेम साडेसहा सेंटिमीटर खोल होतं, पण बाहेर आलेली पूड लाल नव्हती, राखाडी होती! ही पूड रोव्हरच्या पोटातल्या प्रयोगशाळेत गेली. एक उपकरण तिच्यावर क्ष-किरण सोडून स्फटिकांची रचना ओळखतं, तर दुसरं तिला भट्टीत तापवून निघणारे वायू मोजतं. रचना ओळखणं महत्त्वाचं, कारण नुसत्या मूलद्रव्यांच्या यादीवरून खडकाचा इतिहास उलगडत नाही. हेमॅटाइट आणि मॅग्नेटाइट ही दोन्ही खनिजं लोह आणि ऑक्सिजनचीच, तरी त्यांच्या घडणीची परिस्थिती वेगळी असू शकते. गेलच्या त्या पुडीत चिकणमातीची खनिजं सापडली. तिथे कधीकाळी फारसं आम्ल किंवा खारट नसलेलं, सूक्ष्मजीवांना मानवेल असं पाणी होतं, असा अर्थ त्यातून निघाला.

दोन नामी शोध मात्र कुठल्याच यादीत नव्हते. २००६ मध्ये स्पिरिट रोव्हरचं पुढचं एक चाक बंद पडलं. ते फरफटत नेताना जमिनीत चर पडत गेला आणि २००७ मध्ये त्यातून पांढरी माती उघडी पडली. ती सुमारे ९० टक्के सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग, निघाली. इतकी शुद्ध सिलिका तिथे बहुधा गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे किंवा ज्वालामुखीच्या वाफेमुळे साठली असावी. मे २०२४ मध्ये तर सुमारे ९०० किलोच्या क्युरिऑसिटीच्या चाकाखाली एक दगड फुटला आणि आत शुद्ध गंधकाचे पिवळे स्फटिक निघाले. हातोडा नसलेल्या यंत्राने शेवटी पायानेच काम भागवलं म्हणायचं.

२०२१ मध्ये उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स या रोव्हरचं काम याच्या एक पाऊल पुढचं आहे. तो खडक आधी घासून स्वच्छ करतो, आतला भाग तपासतो आणि मग खडूएवढा तुकडा कापून नळीत सीलबंद करतो. ऑगस्ट २०२१ मधल्या पहिल्या प्रयत्नात नळी रिकामी निघाली, कारण निवडलेला खडक इतका ठिसूळ होता की त्याचा भुगाच झाला. जुलै २०२४ मध्ये त्याला जेझेरो विवरातल्या एका प्राचीन नदीखोऱ्यात बिबट्याच्या अंगावरच्यासारखे ठिपके असलेला खडक सापडला. ठिपक्यांमध्ये लोहाचं फॉस्फेट आणि लोहाचं सल्फाइड असल्याच्या खुणा आहेत. पृथ्वीवर अशा खनिजांमागे अनेकदा सूक्ष्मजीव असतात, पण जीवाशिवायही ती बनू शकतात. सोबत सेंद्रिय कार्बनही आढळल्यामुळे उत्सुकता वाढली. तरीही ‘मंगळावर जीवसृष्टी सापडली’ असे मथळे देणं घाईचं आहे. शास्त्रज्ञ त्याला ‘संभाव्य जैवखूण’ एवढंच म्हणतात, आणि ते योग्यच आहे.

खरा निकाल लावायचा तर त्या ठिपक्यांतल्या लोह, गंधक आणि कार्बनच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण फार बारकाईने मोजावं लागेल. त्यासाठीची यंत्रं रोव्हरवर मावत नाहीत. त्या खडकाचा तुकडा नळीत बंद करून ठेवलेला आहे. तो पृथ्वीवर कधी आणि कसा आणायचा, हे अजून ठरायचं आहे.